कोरा रकाना म्हणजे ‘निरंक’ नव्हे

शेतकऱ्याच्या दाराशी उभी असलेली मोटार ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. कापूस, सोयाबीनची पोती, भाजीपाला, खताच्या गोण्या यांची ने-आण पिकअप गाडी करते. आणि रात्री-अपरात्री आजारी माणसास बीडच्या दवाखान्यात पोहोचविणारीही बहुधा तीच असते. सबब बैलजोडी व अवजारे यांविषयी शेतकऱ्यांच्या मासिकात जितक्या आस्थेने लिहावे, तितक्याच आस्थेने या गाडीविषयी लिहिण्यात काही वावगे नाही. आज आम्हांस जो विषय मांडावयाचा आहे, तो गाडीच्या धुराच्या तपासणीचा, व विशेषेकरून त्या तपासणीपूर्वी गाडीची स्वतःची परीक्षा पुरी होऊ देण्याचा आहे. विषय वरवर यांत्रिक दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी खऱ्याखोट्याचा प्रश्न आहे, म्हणून तो येथे घेतला आहे.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ११५ अन्वये, नोंदणीस एक वर्ष झाल्यानंतर प्रत्येक वाहनापाशी प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र असले पाहिजे. लोक त्यास ‘पीयूसी’ या नावाने ओळखतात. भारत स्टेज चार व सहा या मानकांच्या वाहनांस ते एक वर्ष चालते, त्याहून जुन्या वाहनांस सहा महिने. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे या बाबतीतील पहिल्या अपराधास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितलेली आहे. शिवाय लायसन तीन महिने जप्त होते ते निराळेच. कोरडवाहू शेती करणाऱ्या कुटुंबास दहा हजारांचा आकडा बियाण्याच्या खर्चाशी तोलून पाहावा लागतो. म्हणून मुदत संपत आली की जो तो पीयूसी केंद्राकडे धाव घेतो, आणि या घाईतच नसती अक्कल सुचते.

केंद्रावर आज जी तपासणी होते ती सायलेन्सरच्या तोंडाशी होते. पेट्रोलच्या गाडीचे इंजिन उभ्या जागी चालू ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालतात, व कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचे प्रमाण मोजतात. डिझेलच्या गाडीचा ॲक्सिलरेटर एकदम दाबून जो धूर निघतो त्याचा दाटपणा मोजतात. गाडी जागची एक हातही हालत नाही. काही मिनिटांत काम आटोपते आणि कागद हाती पडतो.

परंतु नव्या गाडीच्या अंगात याहून बारीक नजरेचा एक कारकून बसलेला आहे. त्या व्यवस्थेस ‘ओबीडी’ म्हणतात. अमेरिकेत १९९६ सालापासून प्रत्येक नव्या मोटारीस ती सक्तीची झाली. आपल्या देशात चारचाकी वाहनांस ती २०१० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे मानक आल्यावर तिचे काम अधिक वाढले. धुरातील विषारी वायू ज्या भागांमुळे आटोक्यात राहतात, त्या प्रत्येक भागाची ही यंत्रणा आपणहून परीक्षा घेते, निकाल टिपून ठेवते, आणि दोष आढळल्यास समोरच्या फळीवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लावते. या दिव्यास आपल्याकडे ‘चेक इंजिन’ म्हणतात.

या परीक्षा दोन जातींच्या आहेत. काही इंजिन चालू असेपर्यंत अखंड चालतात: इंधन नीट पेट घेते की नाही, हवा व इंधन यांचे मिश्रण योग्य आहे की नाही, तारा व सेन्सर शाबूत आहेत की नाहीत. दुसऱ्या जातीच्या परीक्षा मात्र ठराविक परिस्थिती जुळून आल्यावाचून होतच नाहीत. पेट्रोलच्या गाडीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर, डिझेलच्या गाडीतील काजळी धरून ठेवणारी जाळी म्हणजे डीपीएफ, नायट्रोजनचे वायू मोडणारी व्यवस्था, धुराचा काही अंश पुन्हा इंजिनात घेणारा व्हॉल्व्ह, या सर्वांची पारख करण्यास इंजिन आधी पूर्ण थंड असावे लागते, मग पुरते तापावे लागते, आणि काही काळ एकसारख्या वेगाने चालावे लागते. परीक्षा झाली की तिच्यापुढे ‘पूर्ण’ असे नोंदले जाते. तोपर्यंत तेथे ‘अपूर्ण’ असते. स्कॅनर जोडला असता ही सर्व यादी वाचता येते.

आता प्रचारातली युक्ती पाहा. दिवा लागलेला आहे, मुदत उद्या संपते. गॅरेजात गाडी नेली, स्कॅनर जोडला, बटण दाबले, दिवा विझला. बॅटरीची तार काढून पुन्हा लावली तरी पुष्कळ गाड्यांत तोच परिणाम होतो. मालक समजतो, दोष गेला. वस्तुतः दोष जेथल्या तेथे आहे. गेली ती त्याची नोंद. आणि नोंद पुसताना दोषाची ओळ तेवढी पुसली जात नाही. आधी ज्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या होत्या त्यांचे निकालही तिच्याबरोबर जातात, व पानच्या पान कोरे होते.

महसुली दप्तराशी ज्याचा संबंध आला आहे, त्यास कोरा रकाना आणि ‘निरंक’ लिहिलेला रकाना यांतील अंतर सांगावे लागत नाही. ‘निरंक’ ही साक्ष आहे. लिहिणाऱ्याने पाहिले, शोधले आणि काही आढळले नाही, असे तो आपल्या सहीनिशी सांगतो. कोरा रकाना एवढेच सांगतो की कोणी पाहिलेले नाही. वरच्या कचेरीत कोरा रकाना गेला तर पत्रक परत येते, आणि ते योग्यच आहे. जो गाडीची नोंद पुसून तिला निर्दोष म्हणतो, तो कोऱ्या रकान्यास निरंक म्हणतो. शेतातला दाखला घ्यावयाचा तर पीककापणी प्रयोगाचा घ्यावा. चार पाने फुटलेल्या रानात तो प्रयोग कोणी करीत नाही. पीक कापणीस आल्यावर ठराविक मापाचा तुकडा आखून, कापून, मळून, वजन करून मगच उतारा ठरतो. यंत्राचा उताराही यंत्र चालल्यावाचून ठरत नाही.

कोणी म्हणेल, ‘पीयूसी केंद्रावर ही नोंद पाहतातच कोठे? सायलेन्सरचा धूर मर्यादेत आला की झाले. मग या यादीची फिकीर आम्ही का करावी?’ हा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे, म्हणून त्यास उत्तरही व्यवहाराचेच देतो.

पहिले उत्तर मालकाच्या खिशाचे. दिवा हा गाडीचा आजार नव्हे, ती आजाराची वर्दी आहे. इंजिनात इंधन नीट पेट न घेता तसेच बाहेर पडू लागले, तर ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते व त्याची आतील जाळी वितळविते. जो दोष एका प्लगच्या किमतीत निघाला असता, तो अशा रीतीने कन्व्हर्टरच्या किमतीवर जातो. डिझेलच्या गाडीत डीपीएफ तुंबत चालल्याची वर्दी पुसत राहिले तर काजळी साठून गाडीचा जोर जातो, आणि शेवटी ती ऐन सुगीत मालासह रस्त्यात उभी राहते.

दुसरे उत्तर काळाच्या ओघाचे. उभ्या जागच्या तपासणीवर विसंबून राहिल्यास काय होते, हे जगाने २०१५ साली पाहिले. त्या वर्षी सप्टेंबरात अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगन कंपनीचे बिंग उघडे केले. तिच्या डिझेल गाड्यांत अशी आज्ञावली घातली होती की, तपासणी चालू आहे हे गाडीस ओळखू यावे, तेवढ्यापुरती ती सोवळी व्हावी, आणि रस्त्यावर लागताच पुन्हा वाटेल तसा धूर सोडावा. आपल्या देशातही पुण्याच्या ‘एआरएआय’ या संस्थेने त्या कंपनीच्या गाड्या रस्त्यावर चालवून पाहिल्या, त्यांत नायट्रोजनचे वायू मर्यादेबाहेर आढळले, आणि सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे कंपनीने जाहीर केले. पुढे १ एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांच्या धुराची मोजणी प्रत्यक्ष रस्त्यावर करण्याचा नियम आपल्याकडे आला. कारखानदाराची तपासणी रस्त्यावर आली आहे. मालकाची तपासणी तेवढी उभ्या जागी राहील असे धरून चालणे शहाणपणाचे नाही.

तिसरे उत्तर सर्वांत जड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर हा माणसास कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत गणला. हा धूर दूरच्या शहराचा प्रश्न आहे असे समजू नये. वाड्यावस्त्यांवर गाडी अंगणात सुरू होते, आणि तिच्या मागे बाज टाकून म्हातारी माणसे बसलेली असतात, पोरे खेळत असतात. पीयूसीचा कागद चोख असला म्हणून त्यांच्या छातीत जाणारी काजळी कमी होत नाही.

आता प्रश्न उरतो तो कृतीचा. दोष दिसला तर क्रम असा ठेवावा: आधी कोड वाचून वहीत लिहून घ्यावा, मग दोष दुरुस्त करावा, मगच नोंद पुसावी, त्यानंतर गाडी रीतसर चालवून परीक्षा पुऱ्या होऊ द्याव्या, आणि शेवटी केंद्रावर जावे. प्रामाणिकपणे दुरुस्त केलेल्या गाडीची यादी देखील काही दिवस ‘अपूर्ण’ दाखविते. त्यात लबाडी नाही, केवळ वेळ अपुरा आहे. म्हणून मुदतीच्या आदल्या दिवशी जागे न होता निदान दोन आठवडे आधी या कामास लागावे.

‘रीतसर चालविणे’ म्हणजे काय, हे आमच्या पंचक्रोशीच्या रस्त्यांवरून सांगतो. गाडी रात्रभर उभी असावी. टाकीत इंधन पाव ते पाऊण या दरम्यान असावे. सकाळी इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटे जागेवर चालू द्यावे. मात्र गाडी उघड्यावर असावी, बंद शेडमध्ये नव्हे. मग वस्तीच्या व गावाच्या रस्त्याने दहा मिनिटे सावकाश, थांबत-निघत चालवावे. आमच्या पालीजवळून सोलापूर–धुळे हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ जातो. त्यावरून घाट चढून मांजरसुंब्यापुढे चौसाळ्याच्या बाजूस मोकळा रस्ता मिळाला, म्हणजे साठ ते ऐंशीच्या दरम्यान एकच वेग धरून, वरच्या गिअरमध्ये, पाय न हालविता पंधरा-वीस मिनिटे चालवावे. नंतर मागेपुढे वाहन नाही असे पाहून ॲक्सिलरेटर सोडावा, आणि गाडी गिअरमध्येच ठेवून वेग आपोआप उतरू द्यावा. असे दोन-तीन वेळा करावे. परतताना घाट गिअरमध्येच उतरावा. न्यूट्रल करून गाडी सोडू नये, त्यात ना परीक्षा होते ना जिवाची शाश्वती राहते. घरी आल्यावर दोन मिनिटे इंजिन चालू ठेवून मग बंद करावे. एका फेरीत सर्व परीक्षा होतीलच असे नाही. काहींस लागोपाठ दोन-तीन दिवसांच्या थंड सुरुवाती लागतात. प्रत्येक कंपनीची रीत थोडी निराळी असते, ती गाडीच्या पुस्तिकेत किंवा अधिकृत दुकानी विचारावी. केंद्रावर जातानाही इंजिन तापलेले असावे. कन्व्हर्टर गरम झाल्यावाचून आपले काम करीत नाही, आणि थंड गाडी चांगली असूनही नापास होते.

येथे शेतकऱ्याची खरी अडचण ध्यानात घेतली पाहिजे. त्याची गाडी बहुतकरून वस्तीपासून गावापर्यंत व गावापासून बाजारापर्यंत, दोन-चार किलोमीटर चालते. इंजिन पुरते तापण्यापूर्वीच बंद होते. अशा गाडीच्या परीक्षा महिनोन् महिने अपूर्ण राहतात, आणि डीपीएफमधील काजळी जाळण्यास जी उष्णता लागते तीही उत्पन्न होत नाही. त्यातून कामाचे दिवस सरले की गाडी उभी राहते, बॅटरी उतरते किंवा उंदरांच्या व चोरांच्या भयाने तिची तार काढून ठेवली जाते, आणि आधीची नोंद कोरी होते. म्हणजे ज्याने काही लपविले नाही त्याचाही रकाना कोराच दिसतो.

सबब सरकारास आमचे सांगणे दुहेरी आहे. ज्या वाहनांत ही यंत्रणा आहे, त्यांच्या पीयूसी तपासणीत तिची नोंद वाचली जावी. कारण मिनिटभराच्या धुरापेक्षा महिनाभराची नोंद अधिक खरी बोलते. ई-पीक पाहणीत २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः केलेली पिकाची नोंद सरकार ग्राह्य धरते. मग गाडीने स्वतः केलेली नोंद वाचावयास हरकत नसावी. परंतु ती वाचताना ‘पास’ व ‘नापास’ या दोहोंच्या जोडीस ‘अपूर्ण’ असा तिसरा रकाना हवा. अमेरिकेतील पर्यावरण खात्याने तपासणीसाठी अशीच मोकळीक सांगितलेली आहे: १९९६ ते २००० या सालांच्या गाडीस दोन परीक्षा अपूर्ण असल्या तरी चालतात, २००१ व पुढील गाडीस एक. त्याहून अधिक अपूर्ण असल्यास गाडीस दोषी न ठरविता, चालवून पुन्हा आणावयास सांगतात. आपल्याकडे १४ जून २०२१ च्या अधिसूचनेने देशभर एकच नमुन्याचे प्रमाणपत्र आले, आणि नापास गाडीस कारण लिहून नकाराची चिठ्ठी देण्याची सोयही त्याच वेळी झाली. त्या चिठ्ठीवर ‘परीक्षा अपूर्ण, पंधरा दिवसांत पुन्हा यावे’ असे लिहिता येण्याजोगे आहे. त्या पंधरा दिवसांत दंड होऊ नये. कचेरीत कागद अपुरा असल्यास तारीख वाढवून देतात. तोच न्याय येथे लावावा. ज्या जुन्या गाड्यांत ही यंत्रणाच नाही त्यांची तपासणी पूर्वीप्रमाणे सायलेन्सरपाशी व्हावी, हे वेगळे सांगणे नको.

सरकार जे करील ते करील. आपल्या मंडळाने जे करावयाचे ते त्यासाठी थांबवू नये. नोंद वाचण्याचे लहान यंत्र आता काहीशे रुपयांपासून एक-दोन हजारांपर्यंत मिळते व मोबाईलला जोडून चालते. असे एक यंत्र मंडळाने घ्यावे, वापरण्यास गावातील एखादा जाणता तरुण नेमावा, आणि महिन्यातून एक दिवस ठरवून सभासदांच्या गाड्यांची यादी वाचून ती एका वहीत टिपावी. कोणता कोड कधी दिसला, काय दुरुस्त केले, परीक्षा कधी पूर्ण झाल्या, हे त्या वहीत राहिले म्हणजे गॅरेजात उगाच सुटे भाग बदलून घेण्याची पाळी येणार नाही. मात्र या यंत्रावर पुसण्याचेही बटण असते. दुरुस्तीची नोंद वहीत पडल्याखेरीज ते कोणी दाबू नये, असा नियम मंडळाने पहिल्याच दिवशी करावा.

त्याबरोबर एक इशाराही सभासदांस द्यावा. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठी निराळ्या टाकीत युरियाचे पाणी, म्हणजे डीईएफ, भरावे लागते. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया व बाकी क्षारविरहित पाणी असते. शेतातील खताच्या गोणीवरही युरिया असेच लिहिलेले असते खरे, परंतु २०१५ पासून तो कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो. तो विहिरीच्या पाण्यात कालवून टाकीत ओतल्यास क्षार व तेल यांनी सगळी व्यवस्था चोंदून जाते. दोन पैसे वाचविण्याच्या या उपायाने लाखाचे नुकसान होण्याचा संभव आहे. डीपीएफ काढून टाकून गाडी मोकळी करण्याचा सल्ला जे देतात त्यांचेही ऐकू नये. असे केल्याने गाडी मूळ मंजुरीप्रमाणे राहत नाही आणि कायद्याने मालक गुन्हेगार ठरतो.

शेतकऱ्याच्या नावे आजवर दप्तरांत पुष्कळ खोटे लिहिले गेले, आणि त्याचा जाच सोसावा लागला तो शेतकऱ्यासच. न पिकलेले पीक पिकले म्हणून नोंदले गेले की सारा माफ होत नाही, आणि पिकलेले न नोंदले गेले की विमा मिळत नाही. ज्याने खोट्या नोंदीची झळ सोसली आहे, त्याने आपल्याच दारच्या गाडीची नोंद हातांनी खोटी करू नये. येत्या सर्वसाधारण सभेत यंत्र खरेदीचा ठराव यावा, त्यास सूचक व अनुमोदक मिळावेत, आणि पावसाळा सरून सुगीची धांदल सुरू होण्यापूर्वी पहिली यादी वाचली जावी, एवढीच आमची सभासद बंधूंस विनंती आहे.